जंगलात सावकाश चालण्याचे फायदे

३ ऑक्टोबर
बाबांना जाऊन तीन महिने झाले. मला काही झालेलं नाही. पाठीमागे त्यांचा दम्याचा खोकला ऐकू येतो, एवढंच. कानाच्या डॉक्टरकडे गेलो. म्हणाला, कान उत्तम आहेत. म्हणजे डॉक्टर बेकार. सध्या मुक्काम मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत. ताई म्हणते, तू घर टाळतोयस. टाळत नाही. सवड नाही.

५ ऑक्टोबर
ताईने परस्पर माझं नाव ‘फॉरेस्ट थेरपी वॉक’मध्ये घातलं. म्हणाली, आई दिवसभर जिन्याकडे कान लावून बसते, धड जेवत नाही. तू जंगलात जा, झाडावर चढून बस, काय ते कर, पण रविवारी संध्याकाळी घरी ये. कबूल केलं. बाकी, इतकी वर्षं पायीच भटकतोय, मला कोण चालायला शिकवणार! गाइडलाच चार गोष्टी सांगून येईन.

८ ऑक्टोबर, दुपार
गाइडबाई कडक. मोबाइल बंद, बोलणं बंद. टाच टेकवायची, श्वास घ्यायचा, थांबायचं, मग चवडा. गोगलगायसुद्धा वैतागेल. मी एका निळ्या बुरशीमागे भरकटलो. (निळी का असते? बघायला हवं.) बाईंनी दंडाला धरून परत आणलं.
मग प्रत्येकाने एक झाड निवडून त्याला मनातलं सांगायचं. मी सांगितलं, माझं सगळं ठीक आहे. लगेच मागे खोकला. वळलो, कोणी नाही. झाड बदललं. तिथेही खोकला.
शेवटी चहा. एक कप बाई जंगलासाठी म्हणून मुळांशी ठेवतात. घसा सुकला होता, तो मीच प्यायलो. सगळे बघतच राहिले. पण खोकला बंद! साफ बरा झालो.

८ ऑक्टोबर, संध्याकाळ
घरी गेलो. जिना बाईंच्या पद्धतीने चढलो. टाच, श्वास, थांबणं, चवडा. मन एकदम शांत. बेल वाजवायला हात उचलला आणि आतून खोकला.
खाली कसा आलो, आठवत नाही. पळालो वगैरे नाही. बस चुकली असती.

९ ऑक्टोबर
ताईचा फोन. आधी माझा उद्धार. तीन दिवसांपासून आईला खोकला झालाय, फोन उचलला असतास तर कळलं असतं, गाढवा.
मग तिचा आवाज उतरला. म्हणाली, आई काल कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. म्हणते, हे येऊन गेले. जिन्यावर तीच पावलं, तशीच दम खात, थांबत थांबत. दारापर्यंत आली आणि गेली. आज तिने सकाळपासून दार उघडंच ठेवलंय.
ताईने हळूच विचारलं, तू तर आला नव्हतास ना?
छे, म्हटलं. जंगलातच उशीर झाला.
पुढच्या रविवारी परत नाव घालू का, म्हणाली.
घाल म्हटलं. सराव हवा.