मधल्या कार्बनला काय होतं

सर, काल मी फळ्यावर कार्बन डायऑक्साइडपुढे ‘पोलर’ लिहिलं. लातूरच्या क्लासमध्ये इतकी वर्षं केमिस्ट्री शिकवते, आणि पुढच्या बाकावरची पोरगी मला सांगते, “मॅडम, ते नॉनपोलर हाय.” तुम्ही असता तर खडू फेकून मारला असता. मी पुसायला गेले आणि मुखेडची शाळा आठवली, तुमचे ते दोन कासरे आठवले.

बैलाचे कासरे घेऊन केमिस्ट्री शिकवायला येणारे मास्तर तुम्हीच. मला मधे उभं केलंत, दोन्ही हातांत एकेक दोर दिलात, आणि डावीउजवीकडे दोन धिप्पाड पोरी. “वढा गं.” त्या जीव खाऊन ओढतायत, माझे खांदे निखळायला आलेत, आणि मी जागची हलत नाही. “हे कार्बन डायऑक्साइड. दोन ऑक्सिजन, समोरासमोर, सारखंच वढतेत. बेरीज शून्य, म्हणून नॉनपोलर.” मग त्या दोघींना तुम्ही थोडं पुढं सरकवलंत, आणि एका हिसक्यात मी तोंडावर आपटले. “हे पाणी. रेणू वाकडा, म्हणून वढ एका बाजूला उरते. हे पोलर. ह्यात मीठ इरघळतं, तेल न्हाई.” वर्ग हसला. मी रडत म्हणाले, “सर, पहिल्यातच लई दुखलं.” तुम्ही रागावलात. “दुखलं का ते कोण इचारतंय? हललीस का ते सांग.”

नाही सर, अजून हलले नाही. आई मुखेडला एकटी आहे. न्हाणीत पडल्यापासून तिला धरून उठवावं लागतं, आणि शेजारीण म्हणते, पुढच्या महिन्यापासून जमायचं न्हाई. लातूरला चल म्हटलं की आई म्हणते, “म्या हितंच मरीन.” इकडं लेकीची बारावी, मी घरी नसले की ती जेवत नाही, नुसती रडते. नवरा म्हणतो, तू ठरव, तू शांत डोक्याची आहेस. शांत कसली, डोक्याचा पार भुगा झालाय. मुखेडला गेले की लेक डोळ्यासमोर, लातूरला आले की आई. नुसता विचार करत राहते, आणि लोकांना वाटतं बाई किती स्थिर.

काल त्या पोरीनं जाताजाता विचारलं, “मॅडम, मग मधल्या कार्बनला काहीच होत नसंल का?” मी म्हणाले, परीक्षेत ते येत नाही. तुम्हालाच विचारायचं होतं, पण तुम्ही जाऊन किती वर्षं झाली, हे पत्र टाकू तरी कुठं. शून्य म्हणजे ओढच नाही, की आहे पण दिसत नाही, माझं काही ठरत नाही.

एक सांगते. रविवारी एसटीत मनात आलं, एका बाजूनं आता दोर सोडावा. कुठल्या बाजूनं, ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि ते तुम्हालासुद्धा लिहवत नाही.