कोटावरचा बॅज

प्रिय ठिपके,

हे पत्र खुर्चीवर नीट बसून वाच. आणि पुस्तकाचं शेवटचं पान आधी उघडून बघायची तुझी खोड आजच्या दिवस बाजूला ठेव. मी सगळं क्रमाने लिहिणार आहे. क्रम सोडला तर माझा धीर सुटेल. आमच्या विभागाच्या भौतिकशास्त्र सप्ताहाचा आज शेवटचा दिवस. शेजारच्या सभागृहात बक्षीस समारंभ चालू आहे, आणि मी आपल्या जुन्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या त्याच उंच स्टुलावर बसले आहे, ज्याच्यावरून तू दोनदा पडलीस. भिंतीवर पडलेला लेझरचा लाल ठिपका पकडायला तू धावायचीस ती हीच भिंत. त्यावरूनच तुझं हे नाव पडलं. भिंतीला आता नवा रंग आहे, पण तुझ्या हाताच्या उंचीवर अजून जरा मळकट दिसतं, की मलाच तसं वाटतं कोण जाणे.

गेल्या रविवारी तुझा फोन आला, चौथा महिना लागला म्हणून सांगितलंस, आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. सोमवारी उद्घाटनाला मी तशीच तरंगत गेले. आपले काचकाका, तेच, विभागासाठी काचेच्या नळ्या फुंकणारे, शिडीवर चढून फलक बांधत होते. मला म्हणाले, "बाई, हसत काय उभ्या राहिलात? गुरुत्वाकर्षण आज रजेवर नाहीये, शिडी धरा!" मी शिडी धरली आणि त्यांना सांगूनही टाकलं. ते एवढ्या मोठ्याने ओरडले की प्रमुख पाहुणे दचकून वळले. सबंध आठवड्यात मी मनापासून हसले ती तेवढीच.

कारण तासाभरात विभागप्रमुखांनी बोलावलं. त्यांच्या टेबलावर माझ्या बॅजचा अहवाल होता. तुला बॅज ठाऊकच आहे. क्ष-किरण यंत्राच्या खोलीत जाणाऱ्याने छातीवर लावायचा, दर तीन महिन्यांनी तपासायला पाठवायचा, म्हणजे कोणी किती किरण अंगावर घेतले ते कळतं. एकतीस वर्षं माझ्या नावापुढे शून्य येत आलं. दुसरीत असताना तो कागद बघून तू विचारलं होतंस, "आई, तुला नेहमी शून्यच कसे गं मार्क?" या वेळी शून्य नव्हतं. वर्षभरात जास्तीत जास्त जेवढ्याची मुभा, तेवढे किरण एका तिमाहीत नोंदले गेले होते. हे कसं झालं ते मी शनिवारपर्यंत लेखी कळवायचं होतं.

मी घाबरले. आणि कबूल करते, सुरुवातीला स्वतःसाठीच घाबरले. मंगळवारी दोनशे शाळकरी मुलं आली. ज्या यंत्राला हात लावला की डोक्यावरचे केस उभे राहतात, ते मी दाखवत होते. एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "बाई, तुमचे हात थरथरतात, करंट लागतोय का?" सगळी हसली, मीही हसले. नातवंडाचं तोंड बघायला मिळेल ना, एवढंच डोक्यात होतं. त्या खोलीत मी फारशी गेलेच नव्हते, मग हे आलं कुठून, हे काही केल्या उलगडेना.

बुधवारी माझ्या रक्ततपासणीचा अहवाल आला. सगळं ठीक. मी सुटकेचा श्वास टाकला आणि आमच्या सुरक्षा अधिकारी मुलीकडे गेले. तुझ्याहून दोनेक वर्षांनी लहान असेल, मला मावशी म्हणते. तिने बॅज उघडून दाखवला. आत तीन चकत्या असतात, दोन झाकलेल्या, एक उघडी. उघडीवरच सगळा आकडा होता. म्हणजे किरण झाकण भेदू न शकणारे, सौम्य होते, आपल्या क्ष-किरण यंत्राचेच. "मावशी, त्या तिमाहीत तुम्ही यंत्रावर काम केलंत?" मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. म्हणता म्हणता माझी नजर दाराच्या खुंटीवर गेली. तिथे माझा पांढरा कोट लटकत होता, खिसा कधीतरी ॲसिडने जळालेला. आणि ठिपके, तो शेवटचा कोणी घातला होता ते मला आठवलं.

अडीच महिन्यांपूर्वी तू तीन आठवडे राहायला आलीस ते आठव. तुमच्याकडचं यंत्र बंद पडलं होतं, प्रबंधाचे शेवटचे नमुने तपासायचे राहिले होते. बाहेरून येणाऱ्याला वेगळा बॅज मागवावा लागतो, त्याला पंधरा दिवस लागतात. मीच म्हटलं, "कशाला तो उपद्व्याप? माझा कोट घाल, मी काही त्या खोलीत जात नाही." तू कोट घातलास. त्याच्या खिशावर माझा बॅज होता. मला केवढा आनंद झाला होता सांगू! माझी लेक माझ्या कोटात, माझ्याच कॉरिडॉरमधून चालली होती. बॅजचा विचार माझ्या मनाला शिवलासुद्धा नाही.

तेवढंच असतं तर मी तुला फोनवर सांगितलं असतं. गुरुवारी खाली अंगणात द्रव नायट्रोजनचे प्रयोग चालले होते, गोठवलेली फुलं फुटत होती, पोरं किंचाळत होती. मी तेवढ्यात वर जाऊन यंत्राचं दार उघडलं. कडेला चिकटपट्टीचा डिंक अजून होता. ती पट्टी माझी. दार उघडलं की यंत्र आपोआप बंद पडायला हवं, त्यासाठी तिथे एक बटण असतं. पण यंत्र बंद पडलं की पुन्हा स्थिर व्हायला वीस मिनिटं जातात, आणि तुझे साठ नमुने उरले होते. तू रडकुंडीला आली होतीस. घाईच्या वेळी ते बटण पट्टीने दाबून ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी लबाडी. सगळ्यांना माहीत, कोणी बोलत नाही. मी तुझ्यासाठी ती केली. तुला सांगितलं होतं, दार उघडण्याआधी किरण अडवणारी पुढची झडप हाताने बंद कर. तू मान हलवलीस. तू गेलीस त्या दिवशी मी पट्टी काढली आणि विसरून गेले. आता ते तीन आठवडे डोळ्यांसमोरून हलत नाहीत. शेवटच्या आठवड्यात सकाळी तुला मळमळायचं. मी म्हणायचे, अवेळी खातेस, पित्त होणारच. लेकीच्या पोटात काय आहे हे आईला कळू नये? तशाच मळमळीत एखाद्या वेळी झडप राहिली असेल का गं?

शुक्रवारी विभागप्रमुखांनी चहा मागवला. ते चांगले आहेत, तुला माहीत आहे. म्हणाले, "बाई, उद्या समारंभात तुमचा सत्कार ठरलाय. दोन ओळी लिहून द्या, बॅज यंत्रापाशी विसरला होता म्हणून. असं होतं कधीकधी. आकडा रद्द होईल, विषय मिटेल." कागदही त्यांनीच पुढे केला. ठिपके, मी पेन उचललं होतं. सत्कारासाठी नव्हे गं. मला वाटलं, मी तसं लिहिलं की ते तसंच घडलेलं असेल. बॅज एकटाच यंत्रापाशी पडलेला असेल आणि त्याच्यामागे तू नसशील. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला चूक शाईने लिहायला लावायच्या. पेन्सिलीने लिहिली तर तुम्ही खोडाल, म्हणायच्या. मी पेन खाली ठेवलं आणि एक दिवस मागून घेतला.

आज सकाळी मी शाईने लिहून दिलं. कोट कोणी घातला, पट्टी कोणी लावली, सगळं. विभागप्रमुखांनी कागद वाचून फाइलमध्ये लावला. सत्कार रद्द झाला, चौकशी होईल, पुढचं पुढे. सुरक्षा अधिकारी मुलगी मात्र माझ्याजवळ येऊन बसली. तिला मी तुझ्या पोटातल्या बाळाचं सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, त्या यंत्राचा झोत पेन्सिलीतल्या शिशाएवढा बारीक असतो. बॅजला लागला म्हणजे पोटाला लागलाच असं नाही. पण मी तिथे नव्हते. तिने स्वतः आठवून सांगायला हवं, आणि डॉक्टरांना हा आकडा कळायला हवा, लवकर." तिने अहवालाची प्रत आणि डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली आहे. दोन्ही या पाकिटात आहेत. तेव्हापासून मी ते 'लागलाच असं नाही' जपमाळेसारखं घोळवते आहे. मधेच एक मणी हातातून सुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.

मी बुधवारपासून पाच वेळा तुला फोन लावला. दर वेळी तू आधी बोलायला लागायचीस, पाळण्याच्या रंगावरून जावईबापूंशी झालेलं भांडण सांगायचीस, आणि मी म्हणायचे, काही नाही गं, सहज केला. माझ्या तोंडून हे निघणार नाही हे मला कळून चुकलं, म्हणून लिहिलं. पण असं पत्र पोस्टाने येईपर्यंत थांबायला वेळ नाही, आणि ते वाचताना तू एकटी असावीस असंही मला वाटत नाही. उद्या सकाळच्या गाडीने मी स्वतः ते घेऊन येते आहे. म्हणजे तू हे वाचते आहेस तेव्हा पाकीट तुझ्या हातात देऊन, 'आधी वाच, मग बोलू' एवढंच म्हणून मी बाहेर थांबले आहे. सावकाश वाच. झडपेचं आठव, नाही आठवलं तर तसं सांग. माझ्यावर चिडायचं असेल तर खुशाल चीड, पण डॉक्टरांकडे आजच जाऊ. मला सोबत न्यायचं की नाही ते तू ठरव. मी खालच्या पायरीवर आहे.

तुझीच, दाराकडे कान लावून बसलेली,
आई