पेचकसाची मूठ कानाला

आण्णा, तुमचा पेचकस जाहिरातीत झळकला. लाकडी मुठीचा, तोच. तुम्ही असता तर आधी डाफरला असता, "मला न विचारता हात कसा लावलास?" आणि मग चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या सगळ्या शिफ्टला मोबाइल दाखवत फिरला असता.

माझं काम तुम्हाला कधी नीट कळलं नाही, त्यात तुमची काही चूक नाही. मी टेक्नॉलॉजीवाल्या कंपन्यांच्या व्हिडिओ जाहिराती बनवते. उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचं ऑफिस आहे, आम्ही तिघं आहोत. यंदा बिडकीनच्या एका नव्या कंपनीचं काम आलं. त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी केलीय. ती मशीनला चिकटवायची, मग ती आवाज ऐकून बिघाड व्हायच्या आधीच सांगते. ते समजावून सांगत होते आणि मला तुम्हीच दिसत होता.

मी लहान असतानाचा खंडेनवमीचा दिवस. वर्षातून त्या एकाच दिवशी घरच्यांना कारखान्यात येऊ द्यायचे. मशीनला झेंडूचा हार, माझ्या तोंडात पेढा आणि तरी टकळी चालूच. पूजा झाल्यावर तुम्ही मोटर चालू करता, पेचकसाचं टोक तिच्या अंगाला टेकवता, मूठ कानाला लावता. "गप गं! मशीन बोलतंय." चारचौघांत ओरडता, माझा पेढा घशातच अडकतो. मग मूठ माझ्या कानाला लावून विचारता, "बेअरिंग कुरकुरतंय बघ. आलं का ऐकू?" मी म्हणते, "व्हय." त्या दिवसापासून तुम्ही भेटेल त्याला सांगत सुटलात, "माझ्या पोरीला कान हाय." दवाखान्यात शेवटी शेवटी नर्सलासुद्धा सांगितलंत.

तर जाहिरात मी अशी लिहिली. सुरुवातीला पडदा काळा, नुसता मोटरचा आवाज. मग तुमचं वाक्य, "गप! मशीन बोलतंय." मग एक म्हातारा कान, पेचकस, आणि शेवटी त्याच जागी ती डबी. कंपनीच्या साहेबानं कागद बाजूला सारला. पोरगेलासाच होता. "मॅडम, यात टेक्नॉलॉजी कुठंय? रोबोट टाका, निळा चमकणारा मेंदू टाका. हा कोण बाबा पेचकस घेऊन?" माझं डोकंच फिरलं. कोण बाबा म्हणे! मुकाट्यानं रोबोट टाकला असता तर काम हातात राहिलं असतं, पण त्यात तुम्ही नसता. त्यांना दाखवायला नेलेला तुमचा पेचकस मी पर्समधून काढला, टोक त्यांच्याच वॉटर कूलरला टेकवलं आणि म्हटलं, "या सर, लावा कान. नाही काही ऐकू आलं तर टाकते तुमचा रोबोट."

बोलून तर बसले. साहेब हसत हसत वाकला. मग हसायचा थांबला. "अरे, आत काहीतरी खरखरतंय!" झालं, इंजिनिअर उठले, ऑफिसातल्या बाया उठल्या, कूलरपुढं ही रांग! मागून कुणीतरी बडबडलं तसा साहेबच खेकसला, "गप ना जरा, ऐकू दे!" आण्णा, तिथंच मी जिंकले.

जाहिरात मी लिहिली तशीच झाली, एक शब्द बदलला नाही. कान तुमच्या शेजारच्या मशीनवरच्या काकांचा आहे. त्यांच्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर ती इतकी फिरली, की फिरत फिरत मलाच परत आली. मग काकांचा फोन आला. "लई भारी केलंस पोरी. त्यो म्हणायचाच, पोरीला कान हाय." मी नुसतं "हं" म्हटलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, तुमच्या हत्यारांच्या पेटीत पेचकसाखाली राहील, म्हणून खरं सांगते. त्या खंडेनवमीला मला काही म्हणजे काहीच ऐकू आलं नव्हतं. तुम्ही पुन्हा ओरडाल म्हणून "व्हय" म्हणाले, आणि मग तुम्ही इतके खूश झालात की मागं फिरताच येईना. कूलरला आधी स्वतः कान लावला नाही तो याच भीतीनं, की पुन्हा काहीच ऐकू आलं नाही तर? सगळे चहाला गेल्यावर मात्र मी हळूच मूठ कानाला लावली. आलं, आण्णा. लई उशिरा, पण आलं ऐकू.