धागा गुंडाळणारा बेडूक

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
आजपासून रोज लिहायचे. रोज म्हणजे रोज.

शेजारचा सूरज दूध पिताना मोबाइलवर कार्टून बघतो. भिंतीतून सगळे ऐकू येते. गोल तोंडाचे काहीतरी सतत किंचाळते आणि मागे एकच गाणे वाजते. रंग असे की बघून मळमळावे. त्याच्या आईला म्हणालो, पोराला काही दर्जेदार दाखवा, माझ्याकडे आहे. ती म्हणाली, राहू द्या भाऊजी, त्या नादात निदान दूध तरी पोटात जातंय. शी.

विसरल्या गेलेल्या कार्टूनच्या कॅसेटींचा सांगली जिल्ह्यातला सर्वांत मोठा संग्रह माझ्याकडे आहे. सातारा जिल्हा धरला तरी सर्वांत मोठाच. कराडला एक जण होता, पण त्याने आता कबुतरे पाळलीत. माझा नियम कडक आहे : जे लोकांना आठवते ते मी ठेवत नाही.

दुपारी
बायको, विजयमाला, म्हणते, मागची खोली रिकामी करा. तिची आई, धोंडुबाई, आटपाडीहून कायमची राहायला येणार. गुडघे गेलेत, जिना चढवत नाही. मी म्हणालो, त्या खोलीत संग्रह आहे. ती म्हणाली, आई बी जुनीच हाय, ठिवा की संग्रहात. मी हॉलमध्ये जाऊन पेपर उघडला. अशा वेळी समजूतदारपणा एकानेच दाखवायचा असतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मधले दिवस लिहायला जमले नाही. पतसंस्थेत कामाचा ताण. (तीन दिवस सर्व्हर बंद होता. बसून बसून फार ताण येतो.)

संग्रहातले रत्न म्हणजे 'बेडूक'. कराडचे एक व्हिडिओ पार्लर बंद झाले तेव्हा खोक्याच्या तळाशी ही कॅसेट मिळाली. वर नाव नाही. चित्र कृष्णधवल, आवाज अजिबात नाही. डोक्याला मुंडासे बांधलेला एक बेडूक पायऱ्यांच्या विहिरीत उतरतो. ओंजळीने पाणी पितो. मग काही काळाने पायरीवर एकटा बसून एका काडीला लांबच लांब पांढरा धागा गुंडाळत राहतो. त्याचा चेहरा इतका दुःखी की बघवत नाही. तिथेच टेप संपते. शेवट नाही.

हे काम मध्य युरोपातले, याविषयी माझ्या मनात शंका नाही. धागा म्हणजे काळ. मुंडासे बाल्कन शेतकऱ्याचे. पायऱ्यांच्या विहिरी तिकडेही असणारच, पाणी काय आपणच पितो? यावर मी मोठा निबंध लिहिला आहे, 'पायऱ्यांचे एकाकीपण'. त्यात एकट्या मुंडाशावर सहा पाने आहेत. साताऱ्याच्या एका फिल्म सोसायटीला पाठवला होता. उत्तर नाही. हादरले असणार.

शेवट काय असेल? तीस वर्षे विचार करतोय. बहुधा आत्महत्या.

८ फेब्रुवारी, शनिवार
विजयमालेशी करार झाला. तिचा भाऊ नानासो साक्षीला. तिची अट : लोकांना बोलवा, ते बेडूक का काय ते दाखवा. शेवटापर्यंत कुणी मधे उठलं न्हाई, तर खोली तुमची, आई हॉलमध्ये झोपंल. एक माणूस जरी उठला, तर कॅसेटी भाईर. मी तत्काळ हो म्हणालो. माझ्या बेडकापुढून उठणारा माणूस अजून जन्मलेला नाही. (आजवर तो मी एकट्यानेच पाहिला आहे, हा मुद्दा वेगळा.)

जागा नानासोचे बेदाण्याचे शेड, दिवस ९ मार्चचा रविवार. नानासो म्हणाला, दाजी, बाया निवडायला बसलेल्याच असत्यात, त्या कुठं उठत न्हाईत. हा प्रेक्षक मला मान्य नव्हता. पण कलावंताने प्रेक्षक निवडायचा नसतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
कपाट उघडले. कॅसेटींवर बुरशी. पांढरी, केसाळ, बोटाला चिकटणारी. खिडकीसारख्या काचेतून आत पाहिले तर टेपच्या गुंडाळीवर साय धरल्यासारखी. बेडकावर सर्वांत जाड. जेवण गेले नाही. (नंतर थोडी भाकरी खाल्ली. आणि पिठले. आणि काल उरलेली खीर.)

१५ फेब्रुवारी, शनिवार
उपाय सापडला. आपल्या तासगावातच होता!

नानासोच्या शेडला गेलो होतो. तिथे वाळलेल्या बेदाण्याला बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. माल काळा पडत नाही, बुरशी धरत नाही, सोन्यासारखा पिवळा होतो. मी विचारले, बेदाण्याची बुरशी जाते ना? म्हणाला, जाती की. मग कॅसेटची का नाही जाणार? बुरशी ती बुरशी. नानासोने हातातले घमेले खाली ठेवले. म्हणाला, आवं दाजी, बेदाण्याला देत्यात, क्यासेटला कोन देतंय का? मी म्हणालो, नवीन गोष्ट कुणीतरी पहिल्यांदा करतोच. तो म्हणाला, मग तुमीच करा गड्या, माझं नाव घेऊ नका.

नाव घेणार नाहीच. श्रेय वाटून कमी होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सगळ्या कॅसेटी क्रेटमध्ये मांडून धुरीच्या खोलीत ठेवल्या. रात्रभर. आज काढल्या. बुरशी साफ! डबे आणि टेपा किंचित पिवळट झाल्यात, बेडूक सर्वांत जास्त, पण नानासोच्या गडीमाणसांच्या मते एक नंबर कलर आलाय. वास मात्र असह्य. कुजकी अंडी आणि काडेपेटी यांच्या मधला. घरात आणल्या तर विजयमालेने खिडक्या उघडल्या आणि माझे अंथरूण गॅलरीत टाकले. खोकतोय.

२४ फेब्रुवारी, सोमवार
गुंडा मेकॅनिककडून माझा जुना व्हीसीआर दुरुस्त झाला. तो म्हणाला, आवाजाच्या हेडवर लय घाण बसलीती, म्हणून मुका व्हता. आता बोलंल. मी मनात हसलो. माझ्या सगळ्याच कॅसेटी मूक, मूकपट कुठून बोलणार?

तो म्हणाला, टेप लावून बघू या का? मी नको म्हणालो. अशी दुर्मीळ टेप जितक्या वेळा चालवावी तितकी झिजते. शिवाय जाणकार माणूस आधी तपासत बसत नाही.

५ मार्च, बुधवार
भाषण तयार. चाळीस मिनिटांचे. आधी युद्धोत्तर युरोप, मग पायऱ्या, मग मुंडासे. शेवटी धाग्याकडे येताना आवाज खाली आणायचा. आरशासमोर म्हटले, डोळ्यांत पाणी आले. गंधकामुळेही असेल.

८ मार्च, शनिवार
सासूबाई एक आठवडा आधीच हजर. सोबत वळकटी, कोंबडी आणि शेंगदाण्यांचे पोते. थेट मागच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, आगं विजे, हितं कोन मेलंय का गं? गंधकाचा वास आहे असे समजावले. तर म्हणाल्या, जावायबापू, मग जाळा की पुरतं, अर्धं कशाला ठिवलं?

त्याही उद्या बेडूक बघायला येणार. मला आनंदच आहे. आपण कुठल्या खोलीवर डोळा ठेवला होता ते त्यांना कळेल.

९ मार्च, रविवार. सायंकाळी
लिहावेसे वाटत नाही. पण रोज लिहायचे ठरले आहे.

शेडमध्ये पन्नासेक माणसे. बहुतेक बायका, पुढ्यात बेदाण्याची ताटे. भाषण सुरू केले. काड्या निवडण्याचा खरखर आवाज सतत. एक बाई मधेच म्हणाली, जरा मोठ्यानं, पंख्यात ऐकू येत न्हाई. दुसरी म्हणाली, ऐकून तरी काय करतीस. धाग्यापाशी आवाज खाली आणला तेव्हा नानासोने माइक बिघडला म्हणून हलवून पाहिला. तरी कुणी उठले नाही. खोली माझी झाल्यातच जमा होती.

बटण दाबले. पडद्यावर मुंग्या. फक्त मुंग्या. बेडूक नाही, विहीर नाही. गंधकाने चित्र पार खाऊन टाकले होते.

आणि टेप बोलली. तीस वर्षांत पहिल्यांदा. मराठीत! खणखणीत पुरुषी आवाज : बेडूकरावांनी विहिरीत उतरून न गाळता पाणी प्यायले, आणि वर्षभराने बघा काय झाले, त्यांच्या पायातून नारू बाहेर आला!

मागच्या रांगेतून ओरडा आला : आगं बाई, ह्यो तर नारूचा बेडूक! सासूबाई. आणि चाळिशी ओलांडलेली प्रत्येक बाई हसू लागली. सगळ्यांनी पाहिलेला. पूर्वी आरोग्य खात्याची जीप गावोगाव यायची, चावडीपुढे पडदा लावून हाच बेडूक दाखवायची. आटपाडीकडे तर दर उन्हाळ्यात. आवाजाच्या पुढे पुढे बायकाच बोलत होत्या.

टेप संपली तरी कुणी हलेना. मग सासूबाई पडद्यापुढे गेल्या आणि सगळा बेडूक करून दाखवला. गुडघे दुखतात म्हणे. उतरल्या काय, ओंजळ काय! मग म्हणाल्या, धागा न्हवं वो जावायबापू, किडा त्यो! हातभर लांब, पांढरा. रोज काडीला वाईच वाईच गुंडाळायचा. तुटला की पाय सडला. आणि लुगडे वर सरकवून सर्वांना पोटरी दाखवली. तिथून त्यांचा स्वतःचा नारू निघाला होता. वण अजून आहे. आत बोट बसेल एवढा.

तीस वर्षे मी ज्याला काळ म्हणत होतो तो किडा होता. पायातून निघणारा. बाहेर पळालो. द्राक्षाच्या मांडवाखाली ओकलो.

आतून टाळ्या ऐकू आल्या.

१० मार्च, सोमवार
सकाळी थंड डोक्याने विचार केला. चित्रपट युरोपीयच आहे. आपल्या लोकांनी वरून मराठी आवाज चिकटवला, हे उघड आहे. युरोपात नारू नसेल असे कोण म्हणतो?

करारावर चर्चा झाली. मी म्हणालो, कुणीही उठले नाही, उलट जास्त वेळ बसले. विजयमाला म्हणाली, ती आईला बघाय बसली. मी म्हणालो, करारात तसे नव्हते. मग नानासोला विचारले. त्याने तोंडात बेदाणा टाकला. म्हणाला, दाजी, राग मानू नका. आईचा बेडूक संपस्तोवर सगळी बसली व्हती. उठलं कोन?

मी मागच्या खोलीतले कपाट रिकामे करायला घेतले.

११ मार्च, मंगळवार
सासूबाई खोलीत. कोंबडी निबंधावर बसते.

चहाच्या वेळी विचारलेच. अगदी सहज. शेवट काय होता त्याचा? त्या म्हणाल्या, शेवट? बरा झाला की त्यो. डोक्याचं मुंडासं सोडलं, चार पदरी घडी घातली, घागरीवर धरलं आणि पाणी गाळून प्याला. न्हाईतर बेडकाच्या डोक्याला मुंडासं कशाला वो दिलंय?

सहा पाने.

म्हणजे शेवट गोड होता. किळस आली. आणि ज्याची गोष्ट अख्ख्या तालुक्याला पाठ आहे, ते माझ्या नियमात बसत नाही. बेडूक संग्रहातून वजा केला. बाकीच्या कॅसेटी लावून पाहिल्या. सगळीकडे मुंग्या.

१६ मार्च, रविवार
नानासोचा एक प्लॉट तोडायचा राहिलाय. पाखरे द्राक्षे टोचतात. कॅसेटची टेप बागेवर ताणली की उन्हात चमकते, वाऱ्यावर घुमते आणि पाखरू फिरकत नाही, हे इथे सगळेच करतात. त्याने मागितल्या. मी दिल्या. हार म्हणून नाही. बंद कपाटातून संग्रह खुल्या हवेत आला, एवढेच. असे संग्रहालय जिल्ह्यात दुसरे नाही.

२३ मार्च, रविवार. सायंकाळी
बागेत जाऊन आलो. संग्रह दीड एकरावर पसरला आहे. वारा आला की सगळी कार्टून एकदम गुणगुणतात. समाधान वाटले.

सर्वांत जास्त पिवळी पडलेली टेप बेडकाची, लगेच ओळखली. तिच्यावर एक साळुंकी बसली होती. वाकून घडावरचा मणी टोचायची, अर्धा टाकायची, दुसरा घ्यायची. शी. एक अर्धा मणी माझ्या सदऱ्यावर उडाला.

टाळी वाजवली. हललीसुद्धा नाही. समोर बांधावर बसून वाट पाहिली, कधीतरी उडेल म्हणून. अंधार पडू लागला.

शेवटी मीच उठलो.