अफ्रेडचा धडा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
पिंपळगावला रुजू झाले. निवृत्तीनंतर चार वर्षं नाशिकच्या घरात गंजत होते. द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या बायकांना कामापुरतं इंग्रजी शिकवायचं आहे; आनंदाने होकार दिला. वर्ग शीतगृहाला लागूनच, चार ते पाच. अठरा बायका, डोक्याला जाळीच्या टोप्या. उशिरा येणाऱ्या दोघींना, सायलीला आणि तिच्या मैत्रिणीला, पहिल्याच दिवशी उभं केलं.

५ फेब्रुवारी
आजचा शब्द ‘अफ्रेड’. अर्थ, घाबरलेला. कशाला घाबरता ते वाक्यात लिहा, म्हटलं. साप, सासू, इंजेक्शन येईल असं वाटलं होतं. अठरा वह्यांत एकच वाक्य : आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ तीन नंबर. कॉपी केली म्हणून झापलं. शीतगृहाच्या किल्ल्या सांभाळणारी कुसाबाई म्हणाली, कापी नाय मॅडम, खरंच हाय ते.

६ फेब्रुवारी
तीन नंबर म्हणजे शीतगृहाची शेवटची खोली, आमच्या वर्गाच्या भिंतीला लागून. पाचला कुसाबाई दारातून हाक मारते, आत कोण हाय? कोणी धावत बाहेर आलं तर ठीक. नुसतीच ओ आली, तर कुलूप. माणूस असल तं पळत येईल, थंडीत ओ देत बसल व्हय, असं वर्गातल्या ठमाबाईचं म्हणणं. बाकीच्या हसल्या. मूर्खपणा. पण ओ मीही ऐकली.

१० फेब्रुवारी
‘आय अ‍ॅम नॉट अफ्रेड’ दहादा म्हणून घेतलं. भिंतीपलीकडून एकोणिसावा आवाज. उच्चार अठराजणींपेक्षा स्वच्छ.

११ फेब्रुवारी
आजची ओ इंग्रजीत. आय अ‍ॅम अफ्रेड. मी दाराकडे निघाले तशी कुसाबाईने दंड धरला. तुमीच शिकवलं तिला, म्हणाली. घाबरलेल्या बाईला कोंडून ठेवणं मला मान्य नाही. उद्या वर्गाआधी आत जाऊन बघणार. कोणाला विचारणार नाही.

१२ फेब्रुवारी
साडेतीन. आत आले. कोणी नाही. नुसत्या क्रेटच्या थप्प्या—

थप्पी कोसळली. पाय खाली. हलत नाही.

चार वाजून गेले. भिंतीपलीकडे वर्ग सुरू झाला. शिकवणारा आवाज— माझा. उशिरा आलेल्या सायलीला झापतेय. ओरडले. कोणी थांबलं नाही.

पाच. कुसाबाईची हाक. मी बोंबलले, अगं मीच, मॅडम! पाय अडकलाय! बाहेर माझाच आवाज म्हणाला, लावा कुलूप.

लावलं.

बोटं वाकत नाहीत. हरकत नाही. उद्या पाचला पुन्हा ओ देईन. परवाही. कुसाबाई चिडून दार उघडेपर्यंत मी—