चार ओळींच्या चालीला अकरा मिनिटं

गुदैबिया, रविवार

तीर्थरूप सुरेखाआत्या,

इथूनच वाकून नमस्कार. तुझा गुडघा दुखत असेल तर पाय पुढे करू नकोस, मी अंदाजाने डोकं टेकवतो. हार्मोनियमचा क्लास जोरात चालू असेलच. मी मजेत. अदलियातला कॅफे सोडून फुलांच्या दुकानात लागलोय (बाबांना अजून कॅफेच माहीत आहे, तेवढं राहू दे).

तर फुलं पोचवायला एका चर्चमध्ये गेलो आणि ऑर्गन ऐकत बसलो. गाडीतली बाकीची फुलं कोमेजली. (गाडीचा एसीही बिघडलाय, पण ते वेगळं.) वाजवत होत्या ओलिंडा मिस, मूळ म्हापशाच्या, वय सत्तर. त्यांची पद्धत तीनशे वर्षांपूर्वीच्या जर्मन लोकांची. स्तोत्राची चाल अगदी साधी, चार ओळींची, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. पण लोकांनी गायच्या आधी ती ऑर्गनवर एकदा नटवून वाजवायची. डावा हात आणि पाय (हो, पायांनाही पट्ट्या असतात, मी मोजे घालून वाजवतो) सरळ चालतात, उजवा हात एकेका सुराभोवती घिरट्या घालतो. कागदावर सुराच्या डोक्यावर नागमोडी रेघ दिसली की शेजारच्या सुराला चटचट शिवून यायचं. मी म्हटलं, ही तर आमच्या आत्याची मुरकी. मिस म्हणाल्या, "मग हांगा बस आनी वाजय."

तीन महिने शिकलो. परवा शुक्रवारी (इथे आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून चर्चही तेव्हाच भरतं) मिसनी मला बसवलं. चाल नटवली, शेवटच्या ओळीला लोकांनी श्वास घेतला, तोंडं उघडली, आणि माझा हात भजनाच्या सवयीने परत मुखड्यावर. नवी मुरकी. पुन्हा तोंडं उघडली, पुन्हा मी मुखड्यावर. कुणी खोकलं ते मला दाद वाटली. ते पाद्री होते. अकरा मिनिटं लोक उभे. शेवटी मिसच मागून म्हणाल्या, "खलास, निहार."

आता मिस दोन महिने सुट्टीवर चालल्यात. येत्या शुक्रवारी चारही कडवी बिनमुरकीची वाजवली तर तोवर ऑर्गन माझा. नाहीतर पाद्रीसाहेबांनी रेकॉर्ड केलेल्या स्तोत्रांचा पेनड्राइव्ह आणून ठेवलाय. आत्या, पेनड्राइव्ह. रोज वाजवून बघतो, पण तिसऱ्या सुरावर बोट आपोआप वळतं. बाकी ठीक. हामूर मासा इथे छान मिळतो.

तुझा,
निहार

ता. क. चौदाव्या वर्षी "आधी सरळ वाजव, मग बोल" म्हणत तू माझं बोट पट्टीवर दाबून धरलंस आणि मी क्लासातून पळालो. तेव्हापासून तुझंच चुकलं असं सगळ्यांना सांगत आलोय.

ता. क. २. पत्र परत वाचलं. विचारायचं होतं ते एका ओळीचं: शुक्रवारपर्यंत रोज सकाळी फोनवर मला सरळ वाजवायला शिकवशील का? (म्हणूनच पत्राचा फोटो पाठवतोय, पोस्टाने महिना लागेल.)

ता. क. ३. शिकवणार असशील तर नुसतं 'हो' लिही. मागेपुढे काही लावू नकोस.