दोन दिवस उशीर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आजपासून कामाला लागले! ह्यांच्या खरेदीखात्याच्या सव्वीस डायऱ्या टेबलावर. कुणाचा माल कधी आला, कसा निघाला, सगळं आहे — पण ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कंपनीने ए.आय. घेतलंय, त्याला ते वाचता येईना. यापुढे माल कुणाकडून घ्यायचा ते म्हणे तेच सुचवणार. "तुझं अक्षर सुबक. एका वहीत उतरवून दे," हे म्हणाले. मॅट्रिकचं अक्षर कामी आलं म्हणायचं.

५ नोव्हेंबर, बुधवार

आज ह्यांना डायरेक्टरांच्या मीटिंगला बसवलं. पहिल्यांदा! इतकी वर्षं खरेदीवाले म्हणजे भाव पाडून आणणारी माणसं, बस. आता नव्या मॅनेजर वल्लरी मॅडम म्हणतात, कंपनी टिकणार की नाही ते खरेदीच ठरवणार. "आरोनसर, तुमचं डोकं मशीनमध्ये उतरवायचंय." हे वाक्य ह्यांनी जेवताना दोनदा सांगितलं. मी म्हटलं, उतरवा, पण थोडं घरी ठेवा. हसले. किती दिवसांनी!

७ नोव्हेंबर, शुक्रवार

वही पुरणार नाही हे मंगळवारीच दिसलं. दुसरी आणायची म्हणजे साठ रुपये, आणि चार पानांसाठी! म्हणून तेव्हापासून उशिराची कारणं गाळली. माल, तारीख, किती दिवस उशीर — एका ओळीत बसतं. दिवे लावायच्या आत संपवलं. उद्या शब्बाथ, आमचा शनिवारचा विसावा, लेखणी बंद.

१० नोव्हेंबर, सोमवार

ह्यांनी काल वही पान न् पान तपासली. आज कंपनीत गेली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी धर्मराज आले. कोन गावात त्यांची लाकडाची वखार. कंपनीच्या यंत्रांना लागणारी खोकी पहिल्यापासून तेच करतात. हातात पिशवी. "वैनी, कोलंबी तुमाला चालत नाय, म्हनून करंज्याच्या बंदरावरनं सुके बोंबील आनले." पाणी प्यायले, मग म्हणाले, काम बंद झालं. मशीनने त्यांना यादीत सगळ्यात खाली टाकलंय. नव्या माणसाशी येत्या सोमवारी करार.

"म्हनतं, धर्मराज दर खेपेला दोन दिस उशिरा. दोन दिस कुटले, वैनी? शनवारी गाडी भरून उभी असायची. साहेबच म्हनायचे, मी नसतो, लाकूड मीच ठोकून बघनार, सोमवारी आन." आणि हसले! "साहेबांना सांगा, मशिनला जरा शनवार शिकवा."

वखारीत नऊ माणसं आहेत. मी भाकरी वाढली. त्यांनी अर्धीच खाल्ली.

कारणं मी गाळली. साठ रुपयांसाठी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांना सांगितलं. पाया पडायचंच बाकी होतं. वाटलं, ओरडतील. ओरडले नाहीत. म्हणाले, "असू दे, जोकबेद. आता काही होत नाही. मशीनने ठरवलं ते ठरवलं." मी म्हटलं, डायऱ्या आहेत ना, कारणं पुन्हा उतरवते. तर म्हणाले, "त्या आता रविवारी रद्दीत घाल. जागा अडते." सव्वीस वर्षं कपाटाला कुलूप लावून जपल्या त्या!

एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलले. धर्मराजचं काम राहू दे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मशीनचं वाचून झालं, वही परत आली. हे आंघोळीला गेले तेव्हा उघडली — माझं पाप एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून.

शेवटच्या पानावर मी काही लिहिलं नव्हतं. तिथे कंपनीचा छापील कागद चिकटवलाय, वहीसोबत भरून द्यायचा प्रश्न: उशिराला पुरवठादाराखेरीज दुसरं काही कारण होतं का?

खाली कोंबडीचे पाय. "डायऱ्या तपासल्या. नव्हते. — आरोन. ९ नोव्हेंबर."

म्हणजे विचारलं होतं! साठ रुपयांचा संबंधच नव्हता. होतं असं लिहिलं असतं तर ह्यांना पुढे लिहावं लागलं असतं, "कारण मीच." आणि ती मीटिंगमधली खुर्ची —

आता दिवे लावायची वेळ झाली. हे द्राक्षरसाच्या पेल्यावर किद्दूश म्हणतील, दरवेळच्याच सुरात. मी आमेन म्हणणार.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हे सिनेगॉगमध्ये गेलेत. जन्मात शब्बाथला लेखणी धरली नव्हती. पण उद्या रद्दीवाला येणार, आणि उद्या हे घरी. कोपऱ्यावरच्या दुकानातून साठ रुपयांची वही आणलीय. वल्लरी मॅडमच्या हातात मीच नेऊन देणार. पहिली ओळ —

धर्मराज, कोन. खोकी चाळीस. माल शनिवारी तयार. आम्ही शनिवार पाळतो म्हणून सोमवारी घेतला. उशीर आमचा.